श्रीपशुपतिनाथ–मुक्तिनाथ यात्रा : नियोजन आणि खर्चाची आखणी

॥ श्री ॥

संस्थानच्या दर्शनास येणारे अनेक भाविक नेपाळमधील श्रीपशुपतिनाथ व श्रीमुक्तिनाथ या क्षेत्रांच्या यात्रेविषयी विचारणा करीत असतात. कोणी निवृत्तीनंतर सपत्नीक जाऊ इच्छितो, कोणी वृद्ध आईवडिलांना घेऊन जाण्याचा संकल्प करतो, तर कोठे एखाद्या गावचे भजनी मंडळ एकत्र निघण्याच्या विचारात असते. यात्रेचे माहात्म्य बहुतेकांना ठाऊक असते. मात्र किती दिवस लागतील, किती पैसे बरोबर असावेत आणि मार्गात अडचण आली तर काय करावे, या प्रश्नांची उत्तरे एकत्र मिळत नाहीत. त्यासाठी हा लेख दिला आहे.

कोणतेही धर्मकार्य आरंभताना आपण संकल्प करतो आणि संकल्पात प्रथम देश व काल यांचा उच्चार करतो. यात्रेचे नियोजन हाही एक संकल्पच होय. देश कोणता, काळ कोणता, आपली शक्ती किती, याचा विचार करून निघालेला यात्रेकरू मध्येच हतबल होत नाही. या लेखाचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे : हिमालयातील यात्रेच्या आखणीत एक दिवस आणि खर्चाचा एक पंचमांश भाग राखीव असलाच पाहिजे. हे दोन्ही हाताशी नसले की माणूस अयोग्य वेळी, अयोग्य वाटेने, केवळ परतीचे तिकीट गाठण्यासाठी धावू लागतो.

क्षेत्रांचा परिचय

श्रीपशुपतिनाथाचे मंदिर काठमांडू शहरात बागमती नदीच्या तीरावर आहे. गाभाऱ्यात चतुर्मुख शिवलिंग असून मुख्य पूजेचा मान परंपरेने दक्षिण भारतातून आलेल्या भट्ट पुजाऱ्यांकडे असतो. १९७९ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घोषित केलेल्या काठमांडू खोऱ्यातील स्थळांत या मंदिराचा समावेश आहे. २५ एप्रिल २०१५ च्या भीषण भूकंपात खोऱ्यातील अनेक प्राचीन वास्तू कोसळल्या. तथापि पशुपतिनाथाचे मुख्य मंदिर उभे राहिले.

श्रीमुक्तिनाथ हे मुस्तांग जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून ३,७०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. श्रीवैष्णव परंपरेतील १०८ दिव्यदेशांत त्याची गणना होते. मंदिरामागील अर्धवर्तुळाकार भिंतीतून १०८ धारा अखंड वाहतात व समोर दोन कुंडे आहेत. जवळच ज्वालामाईचे स्थान असून तेथे भूगर्भातील नैसर्गिक वायूमुळे ज्योत तेवत असते. हे क्षेत्र बौद्धांनाही तितकेच पूज्य असून तेथील सेवेत बौद्ध भिक्षुणींचा सहभाग असतो. खाली काळीगंडकी नदीचे पात्र आहे. शाळिग्राम याच नदीत सापडतात.

ही दोन क्षेत्रे एकाच देशात असली तरी त्यांच्या यात्रा एकसारख्या नाहीत. काठमांडू सुमारे १,४०० मीटर उंचीवर असून तेथे सर्व नागरी सोयी आहेत. मुक्तिनाथ हे उंच पर्वतातील क्षेत्र आहे व तेथे निसर्गाचीच आज्ञा चालते. खर्चाचा आणि दिवसांचा खरा हिशेब मुक्तिनाथासाठी करावा लागतो.

कालनिर्णय

मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबर हे दोन काळ या यात्रेस उत्तम. डिसेंबर ते फेब्रुवारीत वरच्या भागात कडाक्याची थंडी व बर्फ असते. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत पावसाळा असतो व त्या काळात दरडी कोसळून रस्ते बंद पडतात.

आपल्याकडे श्रावणात शिवदर्शनाची ओढ असते आणि त्याच महिन्यात पशुपतिनाथास जावे असे अनेकांना वाटते. ही भावना आदरणीय आहे. परंतु डोंगरी रस्त्यांसाठी हाच काळ अधिक धोक्याचा असतो. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली, जळगाव जिल्ह्यातील भाविकांची बस तनहुं जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीच्या पात्रात कोसळली आणि पंचवीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. अपघाताची कारणे अनेक असू शकतात व गेलेल्या भाविकांना दोष देण्याचा येथे लवमात्र हेतू नाही. तथापि त्या दुःखातून पुढील यात्रेकरूंनी एवढा बोध अवश्य घ्यावा, की श्रावणातील दर्शन आपल्या गावच्या शिवालयातही घडते. हिमालयाची वाट मात्र ऋतू पाहूनच धरावी.

महाशिवरात्रीस पशुपतिनाथाच्या दर्शनास प्रचंड गर्दी लोटते. त्या दिवशी जावयाचे असल्यास निवासाची सोय फार आधी करावी. आश्विनात दसैं या नेपाळमधील सर्वांत मोठ्या सणास लोक आपापल्या गावी परततात. त्या दिवसांत वाहने मिळणे कठीण होते व भाडेही वाढते.

कागदपत्रे

भारतीय नागरिकांस नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. याचा अर्थ ओळखपत्र लागत नाही असा मात्र नव्हे. विमानाने जाणाऱ्या प्रौढ व्यक्तीजवळ वैध पारपत्र किंवा भारत निर्वाचन आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे लागते, तेही मूळ स्वरूपात. १५ वर्षांखालील व ६५ वर्षांवरील व्यक्तींना आधार कार्डासारखे छायाचित्र असलेले ओळखपत्र चालते; त्यामधील वयाच्या प्रवाशांनी केवळ आधार कार्डावर विसंबून विमानतळावर जाऊ नये. १५ ते १८ वयोगटातील मुलांसाठी शाळेच्या मुख्याध्यापकांचे प्रमाणपत्र स्वीकारले जाते. रस्त्याने सीमा ओलांडतानाही हीच कागदपत्रे जवळ असावीत. पारपत्रावरील व तिकिटावरील नाव एकच आहे ना, हे घरीच पडताळावे. विवाहानंतर नाव बदललेल्या भगिनींच्या बाबतीत ही चूक वारंवार घडते.

मुक्तिनाथाचा मार्ग अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रातून जातो व त्यासाठी प्रवेशपत्र घ्यावे लागते. भारतासह सार्क देशांच्या नागरिकांस त्यात सवलतीचा दर आहे. त्यासाठी छायाचित्राच्या चार प्रती व ओळखपत्राच्या छायाप्रती बरोबर ठेवाव्यात.

मार्ग

महाराष्ट्रातून जाण्याचे दोन मार्ग रूढ आहेत. पहिला रेल्वेने गोरखपूरपर्यंत व तेथून रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरवरील सोनौली सीमेपर्यंत. सीमेपलीकडे भैरहवा हे गाव असून लुंबिनी, पोखरा व काठमांडू या तिन्ही ठिकाणी तेथून वाहने जातात. हा मार्ग काटकसरीचा असला तरी त्यास दिवस अधिक लागतात. दुसरा मार्ग विमानाने काठमांडूस जाण्याचा. वृद्ध यात्रेकरूंसाठी तो कमी श्रमाचा असतो.

पोखऱ्याहून मुक्तिनाथाकडे जाण्याचेही दोन पर्याय आहेत. पोखरा ते जोमसोम विमानप्रवास अवघ्या वीस-पंचवीस मिनिटांचा आहे. परंतु काळीगंडकीच्या खोऱ्यात दिवस चढू लागताच जोराचा वारा सुटतो, म्हणून ही उड्डाणे सकाळीच होतात आणि हवामान बिघडल्यास रद्द केली जातात. २९ मे २०२२ रोजी याच मार्गावर विमान कोसळून २२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत महाराष्ट्रातील चौघे होते. म्हणून उड्डाण रद्द झाल्यास रोष न मानता ते आपल्या हिताचेच समजावे. दुसरा पर्याय बेनी, तातोपानी, मार्फा, जोमसोम व कागबेनी या रस्त्याचा. अंतर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास असले तरी त्यास पूर्ण दिवस लागतो, आणि तो दोन दिवसांत विभागणे अधिक चांगले. रात्रीचा प्रवास कटाक्षाने टाळावा.

दिवसांची आखणी

रेल्वेने गोरखपूर गाठणाऱ्यांसाठी सीमेपासून सीमेपर्यंत पुढील १० दिवसांचा क्रम सोयीचा होतो :

१ला दिवस – सोनौली, लुंबिनी. भगवान बुद्धांचे जन्मस्थान व अशोकस्तंभ. मुक्काम लुंबिनी.
२रा दिवस – लुंबिनी ते पोखरा.
३रा दिवस – पोखरा. विंध्यवासिनी, तालबाराही व गुप्तेश्वर महादेव यांचे दर्शन. प्रवेशपत्राचे काम.
४था दिवस – पोखरा ते मार्फा किंवा जोमसोम. तेथेच विश्रांती.
५वा दिवस – कागबेनी, मुक्तिनाथ दर्शन, मुक्कामास पुन्हा जोमसोम.
६वा दिवस – जोमसोम ते पोखरा.
७वा दिवस – राखीव.
८वा दिवस – पोखरा ते काठमांडू. वाटेत कुरिनटार येथून दोरीमार्गाने मनकामना देवीचे दर्शन.
९वा दिवस – काठमांडू. पशुपतिनाथ, गुह्येश्वरी, बुढानीलकंठ.
१०वा दिवस – काठमांडू ते सोनौली.

सातव्या दिवशी काहीही ठरवू नये. रस्ता बंद पडला, कोणी आजारी पडले, विमान रद्द झाले, तर तो दिवस कामी येतो. काहीच अडचण आली नाही तर पोखऱ्यास विश्रांती घ्यावी किंवा काठमांडूतील दर्शनास एक दिवस अधिक द्यावा. परतीचे रेल्वे आरक्षणही सीमेवर पोहोचण्याच्या दिवसाचेच न करता त्यानंतरच्या दिवसाचे करावे.

अशी अडचण केवळ निसर्गामुळेच येते असे नाही. २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात नेपाळमध्ये उसळलेल्या आंदोलनाच्या काळात काठमांडूचा विमानतळ काही काळ बंद राहिला आणि अनेक भारतीय यात्रेकरू अडकून पडले. अशा वेळी ज्यांच्याजवळ चार दिवसांचे औषध व मुक्कामापुरते पैसे असतात, ते शांत चित्ताने थांबू शकतात.

खर्चाची आखणी

खर्चाचे पाच भाग करावेत : निवास, भोजन, वाहन, प्रवेशपत्रे व किरकोळ, आणि पूजा-दक्षिणा. सहावा भाग राखीव निधीचा. चार जणांच्या कुटुंबासाठी वर दिलेल्या १० दिवसांचा एक नमुना पुढे दिला आहे. यांतील दर केवळ आकारणीची रीत समजण्यासाठी घेतले आहेत. ते प्रचलित दर नव्हेत. भाविकांनी त्या जागी स्वतः चौकशी केलेले दर घालावेत. सर्व रकमा भारतीय रुपयांत आहेत.

निवास : २ खोल्या × ९ रात्री × १,५०० = २७,०००
भोजन : ४ जण × १० दिवस × ६०० = २४,०००
वाहन : १० दिवस × ६,००० = ६०,०००
प्रवेशपत्रे, घोडे, किरकोळ : ४ × १,५०० = ६,०००
पूजा, दक्षिणा, दान : ४ × २,००० = ८,०००
एकूण : १,२५,०००
राखीव, एक पंचमांश : २५,०००
एकंदर : १,५०,०००, म्हणजे प्रत्येकी ३७,५००

या हिशेबातून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, सर्वांत मोठा खर्च वाहनाचा आहे व तो माणसांवर नव्हे तर दिवसांवर अवलंबून आहे. त्याच वाहनात चारऐवजी सहा जण सुखाने बसत असतील तर प्रत्येकाचा वाहनखर्च १५,००० वरून १०,००० वर येतो. दुसरी, एक दिवस वाढल्यास काय पडते? दोन खोल्यांचे ३,०००, भोजनाचे २,४०० आणि वाहनाचे ६,०००, म्हणजे ११,४००. राखीव २५,००० मध्ये असे दोन दिवस निभावून औषधपाण्यासही थोडे उरतात. तिसरी, काटकसर करावयाची झाल्यास ती खोलीच्या थाटात वा खरेदीत करावी. राखीव निधीत कधीही करू नये.

रेल्वे किंवा विमानाचे भाडे यात धरलेले नाही. ते वेगळे मांडावे. भारतातून स्वतःचे वाहन नेणाऱ्यांस सीमेवर भन्सार, म्हणजे जकात, भरून दिवसांच्या हिशेबाने परवाना घ्यावा लागतो. तो राखीव दिवस धरूनच घ्यावा, कारण मुदत उलटल्यास दंड होतो. मात्र मुक्तिनाथाच्या रस्त्यावर त्या वाटेची सवय असलेला स्थानिक चालकच उत्तम.

कर्ज काढून यात्रा करू नये, असे आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. वरील नमुन्यातील ३७,५०० सारखी रक्कम एकदम उभी करणे कठीण वाटल्यास बँकेत आवर्ती ठेव उघडावी. दरमहा २,५०० रुपये ठेवल्यास १५ महिन्यांत प्रत्येकी ३७,५०० जमतात. गावातील मंडळी एकत्र जाणार असतील तर जमाखर्चाची वही एकाच जबाबदार व्यक्तीकडे असावी व रोज रात्री हिशेब सर्वांसमोर वाचून दाखवावा. यात्रेत मने दुखावतात ती बहुधा न सांगितलेल्या खर्चावरूनच.

यात्रा कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी चार प्रश्न विचारून उत्तरे लेखी घ्यावीत : दरात काय समाविष्ट नाही? विमान रद्द झाल्यास पैसे परत मिळतात काय? मुक्काम वाढल्यास खर्च कोणाचा? रात्रीचा प्रवास आहे काय? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आल्यास दुसरी कंपनी शोधावी.

चलन

भारतीय १ रुपया म्हणजे नेपाळी १ रुपया ६० पैसे, हा दर १९९३ पासून स्थिर आहे. म्हणजे भारतीय १,००० चे नेपाळी १,६०० होतात. कोणी दर सांगितल्यास तो भारतीय रुपयांत की नेपाळी रुपयांत, हे प्रथम विचारावे; तेथे त्यांस अनुक्रमे ‘आयसी’ व ‘एनसी’ म्हणतात. एवढ्या एका प्रश्नाने पुष्कळ वाद टळतात.

भारतीय १०० रुपयांपर्यंतच्या नोटा तेथे घेतल्या जातात. २०१६ च्या नोटाबंदीनंतर अनेकांच्या जुन्या नोटा नेपाळमध्ये अडकल्या आणि २०१८ च्या डिसेंबरात तेथील सरकारने १०० रुपयांहून मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली. त्यापुढे मोठ्या नोटांच्या नियमांत वेळोवेळी बदल होत आले आहेत. म्हणून निघण्यापूर्वी आपल्या बँकेत चौकशी करावी आणि शक्यतो १०० च्या नोटाच न्याव्यात. मार्च २०२४ पासून नेपाळमधील अनेक दुकानांत भारतीय यूपीआयने पैसे देण्याची सोय झाली आहे. परंतु वीज व मोबाइलची सेवा खंडित झाली की डोंगरात ती उपयोगी पडत नाही. पोखरा सोडण्यापूर्वी किमान चार दिवसांची रोकड नेपाळी चलनात जवळ असावी व ती एकाच पिशवीत न ठेवता दोघातिघांकडे वाटून ठेवावी.

प्रकृती

पोखरा सुमारे ८०० मीटर, जोमसोम सुमारे २,७०० मीटर आणि मुक्तिनाथ ३,७०० मीटरहून उंच. अडीच हजार मीटरच्या वर हवा विरळ होते आणि शरीरास तिची सवय होण्यास वेळ लागतो. म्हणूनच वरील क्रमात दर्शनापूर्वी एक रात्र मार्फा किंवा जोमसोमला ठेवली आहे व दर्शनानंतर मुक्कामास खाली उतरावयाचे आहे. डोके दुखणे, मळमळ, भूक न लागणे, चालताना धाप लागणे ही उंचीच्या त्रासाची लक्षणे होत. ती दिसताच आणखी वर जाऊ नये. लक्षणे वाढत असतील अथवा बसल्या जागीही धाप लागत असेल, तर विलंब न करता खाली उतरावे व डॉक्टरांस दाखवावे. दर्शन राहिले तर पुन्हा येता येते.

हृदयरोग, दमा किंवा उच्च रक्तदाब असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्यावाचून निघू नये. नेहमीची औषधे यात्रेच्या दिवसांहून चार दिवस अधिकची न्यावीत. प्रवास विमा घेताना तो एवढ्या उंचीवर व हेलिकॉप्टरने खाली आणण्याच्या खर्चास लागू आहे काय, हे वाचून पाहावे. वाहने राणीपौवा गावापर्यंत जातात. तेथून मंदिरापर्यंत चढ व पायऱ्या आहेत. ज्येष्ठांसाठी घोडे मिळतात. १०८ धारांचे पाणी अतिशय थंड असते. ज्यांस स्नान सोसणार नाही त्यांनी प्रोक्षण करावे. श्रद्धा असल्यास तेवढ्यानेही समाधान लाभते.

अडचणीच्या वेळी पोलिसांसाठी १००, पर्यटक पोलिसांसाठी ११४४ व रुग्णवाहिकेसाठी १०२ हे नेपाळमधील क्रमांक वहीत लिहून ठेवावेत. काठमांडूतील भारतीय राजदूतावासाचा पत्ताही घरी व जवळ असावा. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते, हे विमानाची वेळ पाहताना विसरू नये.

दर्शन आणि दान

पशुपतिनाथाच्या मुख्य मंदिरात केवळ हिंदूंनाच प्रवेश आहे. आत चामड्याच्या वस्तू नेता येत नाहीत व छायाचित्रणास मनाई आहे. पूजा, अभिषेक वा देणगीची रक्कम अधिकृत कार्यालयातच भरून पावती घ्यावी. पितरांसाठी श्राद्ध करण्याची कागबेनी येथे परंपरा आहे; त्याची दक्षिणा विधीपूर्वीच ठरवावी, म्हणजे विधीच्या वेळी मन अन्यत्र जात नाही.

दानाची रक्कम घरून निघतानाच वेगळ्या पाकिटात ठेवावी. राखीव निधी आणि दान यांची सरमिसळ करू नये. भावनेच्या भरात राखीव रक्कम अर्पण करून पुढे सहयात्रेकरूंकडे हात पसरण्याची पाळी आली, तर ते दान दुसऱ्याच्या खिशातून झाल्यासारखे होते.

उपसंहार

यात्रा निर्विघ्न पार पडली आणि राखीव रक्कम तशीच परत आली, तर ती वाया गेली असे समजू नये. दहा दिवस तिने आपल्याला निश्चिंत ठेवले, हेच तिचे फळ. घरी परतल्यावर तिचा विनियोग यथारुचि करावा. एखाद्या वृद्ध शेजाऱ्याच्या यात्रेस हातभार लावावा, जवळच्या अन्नछत्रात यथाशक्ती सेवा करावी, अथवा पुढील यात्रेची आवर्ती ठेव तिनेच उघडावी.

देव भक्तीचा भुकेला आहे, हे खरेच. परंतु बरोबर निघालेला प्रत्येक जण सुखरूप घरी परतावा, ही जबाबदारी यात्रा ठरविणाऱ्याची असते. ती पार पाडणे हीदेखील सेवाच आहे. सर्व भाविकांची यात्रा सुफळ संपूर्ण होवो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥